चार बोटं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. निदान तसं म्हणायला हरकत नसावी. माझ्या तळाला अकरा गोल भोकं आहेत, आणि तळाला भोकं असलेल्या वस्तूला बादली म्हणावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहते. इथे मला 'नमुना क्रमांक एक' म्हणतात. त्याआधी सहा वर्षं मी याच रुग्णालयातल्या बाळांच्या खोलीत होते आणि तिथे मला सगळे 'मावशींची बादली' म्हणायचे. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच आहेत, दोन्ही बाजूंनी खऱ्या वाटणाऱ्या. तुम्ही शाळेत जाता, गणितं सोडवता. मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. उत्तर तुम्हाला येतंय का बघा.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. त्या वेळचं मला फारसं आठवत नाही, कारण तेव्हा फार गरम होतं. पांढऱ्या दाण्यांचं पोतं, त्यात मूठभर निळा रंग, मग वितळणं, मग साचा. बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्या शेकडो बहिणी एकीत एक बसून उभ्या होत्या. एका कामगाराने आमच्या कानांत तारेच्या कड्या अडकवल्या. बादलीला कान असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मी ते कायम उघडे ठेवले, म्हणून तर एवढं सांगता येतंय. माझा तळ तेव्हा अगदी गुळगुळीत होता. पाण्याचा थेंब पडला तर घसरून जायचा.

रुग्णालयात मला भांडारवाल्या काकांनी पोत्यातून काढलं. भांडार म्हणजे सामान ठेवायची खोली आणि काका म्हणजे तिथले राजे; त्यांना विचारल्याशिवाय साबणाची वडीसुद्धा हलायची नाही. त्यांनी माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने 'बाळांची खोली' असं लिहिलं आणि मला मावशींच्या हवाली केलं. मावशी म्हणजे कोणाची सख्खी मावशी नव्हे. रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणतात. मोठे डॉक्टर त्यांच्याहून वयाने बरेच मोठे, तेही म्हणायचे. आपल्याहून लहान बाई आपली मावशी कशी होते, हा माझा आयुष्यातला पहिला गोंधळ. तो मी सोडून दिला, कारण पुढे याहून मोठे आले.

बाळांच्या खोलीत आठ काचेच्या पेट्या होत्या. वेळेआधी जन्मलेली बाळं त्यांत उबेला ठेवायचे. काही इतकी लहान होती की माझ्या पोटात आडवी मावली असती. माझं काम फरशीचं नव्हतं बरं का. फरशीची बादली वेगळी, लाल. ती दाराबाहेर असायची आणि मी तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायचे. माझ्यातल्या फडक्याने मावशी पेट्यांच्या काचा बाहेरून पुसायच्या, बाळांना तोलायचा काटा पुसायच्या, दाराची मूठ पुसायच्या. रोज सकाळी मला नळाखाली ठेवायच्या, पाणी भरायच्या आणि जंतू मारायचं औषध बाटलीच्या झाकणाने मोजून घालायच्या. दोन झाकणं. कमी नाही, जास्त नाही. औषधाचा उग्र वास सुटला की मला वाटायचं, झालं, आता माझ्यासमोर जंतूंची काय बिशाद.

मावशींची एक खास पद्धत होती आणि ती मला फार आवडायची. संध्याकाळी काम संपलं की त्या मला मोरीवर तिरपी करायच्या, पाणी ओतायच्या, आणि तळाशी चार बोटं पाणी उरलं की थांबायच्या. ते पाणी त्या टाकत नसत. त्यात फडकी बुडवून, वर झाकण ठेवून मला कोपऱ्यात सरकवायच्या. सकाळी त्यावरच ताजं पाणी आणि ताजी दोन झाकणं. दह्याला विरजण ठेवावं तसं. यामागे एक गोष्ट होती. माझ्या आधीची आहे, पण मावशी ती इतक्यांदा सांगायच्या की मला पाठ झाली. त्या नव्याने कामाला लागल्या होत्या तेव्हा एकदा आठ दिवस औषध आलंच नाही. मावशींनी रोजचं थोडं थोडं पाणी राखून तेवढ्यावर खोली चालवली, आणि तेव्हाच्या सिस्टरनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. ते कौतुक त्यांच्या हातात बसलं. पुढे औषध भरपूर येऊ लागलं तरी हात थांबायचा तिथेच थांबायचा. उद्या औषध मिळालं नाही तर बाळांचं काय, ही धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. नव्या बाया कामाला आल्या की मावशी त्यांनाही हेच शिकवायच्या.

आमची खोली म्हणजे नमुनेदार खोली. तपासणीला बाहेरून माणसं यायची, काचेवर बोट फिरवून बघायची आणि बोट स्वच्छ निघालं की मान डोलवायची. दोनदा आमच्या खोलीला पहिला क्रमांक मिळाला. मावशींचा मला हातात घेऊन फोटो काढला आणि तो बाहेरच्या भिंतीवर लावला. फोटोत मावशींचे डोळे मिटलेले आले होते. मी मात्र स्पष्ट आले होते.

या सहा वर्षांत माझ्या तळाला घासणीचे पुष्कळ ओरखडे पडले. त्यांत एक पातळ, बुळबुळीत थर साचला. हात लावल्याशिवाय तो कळायचा नाही. मला वाटलं, हे वय असेल. माणसांना सुरकुत्या पडतात, बादल्यांना हे होत असेल.

मग एका आठवड्यात चार बाळांना ताप आला.

तिघांचा उतरला. खिडकीजवळच्या पेटीतल्या मुलीचा उतरेना. तिचं एक ठरवलेलं नाव होतं, पण एवढ्याशा जिवाला ते पेलणार नाही असं तिच्या आईला वाटायचं, म्हणून ती तिला 'मोहरी' म्हणायची. पेटीच्या काचेला हात घालायला गोल झरोका होता. आई दिवसभर स्टुलावर बसून त्यातून एक बोट मोहरीच्या मुठीत देऊन ठेवायची. मावशी पेटी पुसायला आल्या की ती थोडी मागे सरकायची आणि त्यांच्याकडे बघून हसायची. मोठे डॉक्टर दिवसातून चारदा येऊन औषधं बदलत होते, आणि त्यांचा चेहरा रोज थोडा उतरत होता.

ताप वाढला तशी मावशींनी स्वच्छता वाढवली. पेट्या दिवसातून एकदा पुसायच्या त्या तीनदा पुसू लागल्या. मोहरीची पेटी तर चारदा. आणि दरवेळी फडकं निघत होतं ते माझ्यातूनच. आज हे मी शांतपणे सांगते आहे, पण हे सांगताना मला लाज वाटते. आणि लाज वाटावी की वाटू नये, तेही नीट कळत नाही.

एक दिवस प्रयोगशाळेतल्या ताई आल्या. चष्मा डोक्यावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या या बाई. काडीला कापूस लावून त्यांनी नळ, काटा, दाराची मूठ, सिस्टरचे हात, मावशींचे हात अशा सगळ्यांवरून फिरवला. शेवटची काडी माझ्यात बुडवली. मला हसूच आलं. अहो, मी औषधाची बादली. माझ्यात काय सापडणार? तीन दिवसांनी अहवाल आला. बाळांच्या रक्तात जो जंतू होता, तोच माझ्या पाण्यात होता. नुसता होता असं नाही, मजेत होता.

मोठ्या डॉक्टरांनी मावशींना बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: औषध असलेल्या पाण्यात जंतू राहूच शकत नाहीत, त्याअर्थी पाण्यात औषध नव्हतं. मावशी पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या की दोन झाकणं घातली, रोज घातली, एक दिवस चुकवलं नाही. मी साक्षीला होते, पण माझी साक्ष कोण काढणार? चौकशी पुरी होईपर्यंत मावशींना घरी बसायला सांगितलं. भिंतीवरचा फोटो काकांनी उतरवला. काच पुसायला नेतो म्हणाले, आणि भांडारात ठेवून दिला. स्टुलावर बसलेली आई आता कोणाकडे बघून हसत नव्हती.

मला पिशवीत गुंडाळून प्रयोगशाळेत आणलं. तिथे एका टेबलावर तपकिरी रंगाच्या छोट्या छोट्या बाटल्या होत्या आणि चिठ्ठ्यांवर लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा अशी नावं होती. काका सामान द्यायला आले की विचारायचे, ही लॅब आहे का मसाल्याचं दुकान? ताई दोन वर्षं या बाटल्यांवर काम करत होत्या आणि दोन वर्षं लोक त्यांना हसत होते. त्यांना काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलायची सवय होती. माझी विद्या सगळी तेवढीच.

दुसऱ्याच दिवशी मावशी तिथे आल्या. आत न येता दारातच उभ्या राहिल्या. बाकी कोणी ऐकत नव्हतं म्हणून आल्या असाव्यात. ताई, मी औषध घातलं होतं हो, एवढंच म्हणाल्या. ताईंनी त्यांना आत घेतलं आणि रोज काय करायच्या ते जसंच्या तसं करून दाखवायला सांगितलं.

मावशींनी मला नळाखाली धरलं. पाणी भरलं, झाकणं मोजून घातली, फडकं पिळून टेबल पुसूनही दाखवलं. ते इतकं नीट होतं की ताईंनी मान हलवली. मग संध्याकाळ झाली असं समजून मावशींनी मला मोरीवर तिरपी केली, पाणी ओतलं, आणि त्यांचा हात थांबला.

“हे का ठेवलंत?” ताईंनी विचारलं.

“कालचं औषध आहे ना त्यात. फुकट कशाला घालवायचं?”

“रोज ठेवायच्या?”

“रोज.”

 ताईंनी मावशींना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. मित्रांनो, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. रात्रभर शिळ्या पाण्यात औषधाचा जोर कमी होतो. फडकीही त्यातलं थोडं पिऊन टाकतात. जोर कमी झाला की बहुतेक जंतू मरतात, पण एखाददुसरा चिवट उरतो. तो माझ्या ओरखड्यांत घर करतो आणि वरून चिकट छप्पर घालतो. तो बुळबुळीत थर म्हणजे माझं वय नव्हतं, त्यांचं गाव होतं. सकाळी ताजं औषध आलं की ते आधी या शिळ्या पाण्यात मिसळतं आणि छपराखाली पोचेपर्यंत मवाळ होतं. असं दिवसेंदिवस थोडं थोडं औषध चाखून ते जंतू सरावतात. त्यांच्या अंगात बारीक पंप असतात. औषध आत शिरलं की ते या पंपांनी बाहेर फेकतात. गळक्या होडीतली माणसं डब्याने पाणी उपसतात ना, तसं. सरावलेले जंतू अधिक पंप बसवतात. मग दोन झाकणं घाला नाहीतर तीन, ते उपसत राहतात.

हे ऐकून माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. ज्या वासाला मी स्वच्छता समजत होते, तो वास अंगाला लावून जंतू माझ्यातच मोठे झाले होते. मी साफ करणारी होते की घाण वाटत फिरणारी? दोन्ही?

मावशींनी विचारलं, “म्हणजे माझ्यामुळे झालं?”

ताई म्हणाल्या, “औषध तुम्ही घातलं होतं, हे मी तपासून सिद्ध करू शकते. अहवालात तेवढंच येईल. हे चार बोटं पाणी मी आज नुसतं पाहिलं, ते लिहिणार नाही.”

मावशी उठून गेल्या. जाताना त्यांनी मला सरळ करून ठेवलं, सवयीने.

नंतर ताईंनी तापवलेल्या गोल पात्याने माझ्या तळाच्या अकरा चकत्या कापल्या. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. प्लास्टिकला दुखत नाही म्हणतात, पण मला वाईट वाटलं, कारण आता मी कशाच्याच कामाची नव्हते. त्या चकत्यांवर, म्हणजे माझ्यावरच, त्यांनी पंधरा दिवस प्रयोग केले. काही चकत्या नुसत्या पाण्यात बुडवल्या, काही औषधाच्या ताज्या पाण्यात, काही लवंगेतून काढलेल्या एका घटकात, तोही अगदी किंचित, आणि काही या दोन्हींच्या मिश्रणात. काम करताना त्या स्वतःशी म्हणायच्या की झाडाला बिचाऱ्याला पळता येत नाही. बुरशी आली, कीड आली, जंतू आले तर जागेवर उभं राहूनच लढायचं. म्हणून झाडं आपल्या पानाफुलांत आणि सालीत असे घटक तयार करतात. हे मला पटलं. मलाही पळता येत नाही. फक्त झाडाला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मोठे डॉक्टर प्रयोगशाळेत आले. मावशींनाही बोलावलं होतं. त्या पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकाही काहीतरी निमित्त काढून आत घुसले. ताईंनी चार काचेच्या बशा मांडल्या. चकत्यांवर जगलेले जंतू बशीत ठिपक्यांसारखे वाढतात. नुसत्या पाण्याच्या बशीत ठिपक्यांची नुसती दाटी. औषधाच्या बशीत ठिपके जरा कमी, पण पुष्कळ. लवंगेच्या बशीतही जवळजवळ तेवढेच. आणि मिश्रणाची बशी कोरी.

मोठ्या डॉक्टरांनी ती बशी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. ताईंनी सांगितलं की लवंगेतला घटक एवढ्याशा प्रमाणात स्वतः फार काही मारत नाही. तो जंतूंचं छप्पर सैल करतो आणि त्यांच्या पंपांत खोडा घालतो. उपसणारे हात अडले की आत आलेलं औषध आतच राहतं आणि आपलं काम करतं. मला हे दोन नापास मुलांनी एकत्र बसून पेपर सोडवावा आणि पहिलं यावं असं वाटलं. यात हुशार कोण, ते मला अजून सांगता येत नाही.

काकांनी लगेच खिशातून दाढदुखीवरची लवंगतेलाची बाटली काढली आणि सगळ्या विभागांच्या बादल्यांत चार-चार थेंब टाकू का, असं विचारलं.

“ती बाटली दाढेलाच राहू द्या, काका,” ताई म्हणाल्या. हा प्रयोग रुपयाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावरचा आहे, त्यांनी समजावलं. किती घालायचं, बाळांच्या कातडीला आणि श्वासाला ते सोसेल का, पुढेमागे जंतू यालाही सरावतील का, हे कोणालाच माहीत नाही. अजून पुष्कळ तपासायचं आहे. तोवर औषध बदला आणि बाळांच्या खोलीतली जुनी भांडी काढून टाका.

मोठ्या डॉक्टरांनी अहवाल पुन्हा वाचला. औषध पुरेपूर असतानाही हे जंतू जगतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते मावशींकडे वळले आणि म्हणाले की दोष तुमचा नव्हता, औषधच निकामी ठरलं. मी तुम्हाला खोटं पाडलं, माझं चुकलं. उद्यापासून बाळांच्या खोलीत कामाला या.

माझ्या जिवात जीव आला. मावशी हळूच बरं म्हणाल्या आणि निघाल्या. दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या.

“साहेब, औषध मी कधी चुकवलं नाही. पण बादलीही कधी पुरती ओतली नाही. कालच्या पाण्यावरच ताजं घालायची.”

मोठ्या डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताई खाली बघत होत्या.

“कोणी सांगितलं होतं तसं करायला?”

“कोणी नाही. माझीच पद्धत. आणि बाकीच्या बायांना मीच शिकवलंय. त्यांच्या बादल्या आत्ताही तशाच असतील.”

मित्रांनो, खरं सांगते, मला मावशींचा राग आला. कोणी विचारलं नव्हतं. सुटलेली बाई पुन्हा जाळ्यात कशाला पाय घालते? सहा वर्षांचं नाव परत मिळालं होतं, उद्या सकाळी हातात नवी बादली आली असती. पण त्याच दुपारी ताई काड्या घेऊन सगळ्या विभागांत फिरल्या. नऊ बादल्यांपैकी सहांच्या तळाशी तोच बुळबुळीत थर निघाला आणि दोघींत तोच चिवट जंतू. त्यातली एक दाराबाहेरची लाल. नवं औषधही याच बादल्यांत, याच शिळ्या पाण्यावर पडणार होतं. मग माझा राग कुठे ठेवावा, ते मला कळेना.

मोठे डॉक्टर चिडले नाहीत. खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे चोळले. मग म्हणाले की हे मला आईवडिलांना सांगावं लागेल, चौघांच्याही. आणि तुम्हाला आता बाळांच्या खोलीत पाठवता येणार नाही. कामावरून काढणार नाही. पण आज इथे जे बोललात, ते प्रत्येक विभागात जाऊन तुम्हीच सांगायचं. मावशींनी मान डोलावली. नोकरी राहिली म्हणून त्यांना हायसं वाटलं असेल, पण बाळांची खोली गेली हे कळलं तेव्हा त्या रडल्या. आवाज न करता, पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत. मलाही फार वाईट वाटलं. ती खोली माझीही होती.

आता मावशी विभागाविभागांत हिंडतात. बाया जमल्या की बादली तिरपी करतात, शेवटचा थेंब जाईपर्यंत थांबतात, घासतात, पुसतात आणि उन्हात पालथी घालतात. फडकी रोज धुतलेली. मी कसं करायची आणि काय झालं, हे त्या लपवत नाहीत.  हे काकांनी येऊन सांगितलं. दर आठवड्याला त्या सगळ्या बादल्या तपासणीला ताईंकडे घेऊन येतात, तेव्हा माझी भेट होते. ताईंच्या तपकिरी बाटल्यांचं काम चालूच आहे. आता कोणी हसत नाही, पण ताई स्वतःच सांगतात की अजून कोणी टाळ्याही वाजवू नका.

आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तूने शेवटी दोन शब्द उपदेशाचे बोलायचे असतात. मी कोणाला काय शिकवणार, माझाच घोळ निस्तरत नाही. तरी एक गोष्ट मला पक्की कळली आहे, तेवढी घ्या. पाण्याची बाटली असो, साबणाची कुपी असो किंवा माझ्यासारखी बादली असो, वरून भरत राहू नका. आधी पुरती रिकामी करा, धुवा, वाळू द्या, मग भरा. चांगला वास येतो म्हणजे स्वच्छ आहे, असं समजू नका. मी स्वतः तसं समजत होते.

पण मला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकलं ते गेल्या महिन्यात. मोहरी बरी झाली होती. दुसरं औषध लागू पडलं, ताप गेला, वजन वाढलं, आणि तिला घरी सोडायचा दिवस आला. शेवटचा अहवाल न्यायला आई प्रयोगशाळेत आली. मोहरी एका हातावर, खांद्याला भलीमोठी पिशवी. मावशी तेव्हा तिथेच होत्या, बादल्या मांडत. मोठ्या डॉक्टरांनी आईला सगळं सांगितलं होतं, हे त्यांना माहीत होतं. आईला पाहताच त्या भिंतीकडे तोंड करून, आधीच सरळ असलेल्या बादल्या पुन्हा सरळ करू लागल्या.

आई थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ताईंनी अहवाल आणि पेन पुढे केलं.

“मावशी,” आई म्हणाली, “जरा धरता हिला? मला सही करायची आहे.”

मावशी वळल्या. “माझे हात...”

“धुवा ना मग. मी थांबते.”

मावशींनी हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. पुन्हा धुतले. आई पेन न उचलता उभी होती. मग तिने मोहरीला मावशींच्या हातांवर ठेवलं, आणि मोहरीने मावशींचं एक बोट मुठीत धरलं. ही माफी होती, की आईला नुसता हात मोकळा हवा होता, मला कळलं नाही. मावशींनाही कळलं नसावं.

सही करायला कितीसा वेळ लागतो? आईने सही केली. मग तिने तो अहवाल उभ्याउभ्याच पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचून झाल्यावर कागद उलटला आणि मागची बाजूही सावकाश वाचली. मागच्या बाजूला काहीच छापलेलं नव्हतं.